भूमिका घेऊ द्या: गेमवर ‘आरपीजी’ची चिठ्ठी लावणाऱ्यांना खुले पत्र

गेमच्या ऑनलाइन दुकानांत वर्गवारी ठरवणाऱ्यांना, वर्षाअखेरीच्या पुरस्कारांच्या परीक्षकांना, आणि आपल्या गेमच्या जाहिरातीत ‘आरपीजी’ (रोल-प्लेइंग गेम, म्हणजे भूमिका घेऊन खेळायचा गेम) हा शब्द वापरणाऱ्या सर्व स्टुडिओंना,

सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

काही आठवड्यांपूर्वी मी एक नवा गेम विकत घेतला. त्याचं नाव इथे घेत नाही, कारण माझं गाऱ्हाणं त्या एकट्या गेमबद्दल नाही. त्यावर ‘आरपीजी’ची चिठ्ठी होती आणि तुमची निवड कथा घडवेल असं वर्णनात लिहिलं होतं. साधारण दहाव्या तासाला एक प्रसंग आला. गावचा प्रमुख माझ्या नायिकेला म्हणाला, डोंगरातल्या बंडखोरांचा बंदोबस्त कर. त्याआधी तासभर मी त्याच बंडखोरांमध्ये फिरले होते, त्यांच्याशी बोलले होते, आणि त्यांचं म्हणणं मला पटलं होतं. पडद्यावर तीन उत्तरं आली. त्यातलं ‘हे काम माझ्याकडून होणार नाही’ हे मी निवडलं. प्रमुख म्हणाला, तुझ्या मनातली शंका मला कळते, पण दुसरा इलाज नाही. आणि माझ्या नायिकेने मान डोलावली. क्वेस्टच्या, म्हणजे सोपवलेल्या कामांच्या, यादीत नवी ओळ उमटली: बंडखोरांचा तळ गाठा.

मी सेव्ह फाइल, म्हणजे आधी जपून ठेवलेला डाव, पुन्हा उघडली आणि उरलेली दोन उत्तरंही देऊन पाहिली. तिन्ही वेळा तीच मान तशीच डोलली.

गेम मी शेवटपर्यंत खेळले. चाळीस तास लागले. सुरुवातीला १२चा घाव घालणारी तलवार शेवटी ९४०चा घालत होती. लेव्हल, म्हणजे नायिकेची पातळी, ५० झाली, स्किल ट्री म्हणतात त्या कौशल्यांच्या झाडाच्या जवळपास सगळ्या फांद्या उजळल्या. आणि त्या चाळीस तासांत मी कोण होते, असं मला कोणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. म्हणून हे पत्र.

चिठ्ठीने काय बिघडतं, गेम आवडला म्हणजे झालं, असं तुमच्यापैकी काहींना वाटेल. बिघडतं. चिठ्ठी पाहून लोक गेम शोधतात, चिठ्ठी पाहून स्टुडिओ पुढच्या गेमचा आराखडा आखतात, आणि ज्याने हा प्रकार आयुष्यात पहिल्यांदाच उघडला आहे तो चिठ्ठीवरूनच ठरवतो की आरपीजी म्हणजे काय असतं. ज्याचा पहिला आरपीजी मी वर सांगितला तसला असेल, त्याला वाटेल की आरपीजी म्हणजे आकडे वाढवण्याचा खेळ. त्याला काहीतरी वेगळं मिळू शकलं असतं, हे त्याला कधी कळणारही नाही.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. एखादा गेम आरपीजी नाही असं म्हणणं म्हणजे तो कमी प्रतीचा आहे असं म्हणणं नव्हे. १९८६चा ‘द लेजंड ऑफ झेल्डा’ आरपीजी नाही, आणि त्याने तसं असण्याची काही गरजही नाही. पुढच्याच वर्षी आलेल्या त्याच्या दुसऱ्या भागात एक्सपी, म्हणजे अनुभवाचे गुण, आणि लेव्हल होत्या. त्यामुळे त्याचा नायक लिंक याची भूमिका पहिल्या भागापेक्षा जास्त माझी झाली का? तसूभरही नाही. तो त्याच राज्यासाठी, त्याच राजघराण्यासाठी, तसाच लढत राहिला. फक्त त्याचे आकडे वाढू लागले.

आकड्यांचा आणि या नावाचा संबंध आला कुठून, हे पाहिल्याशिवाय आजचा गोंधळ उलगडत नाही. म्हणून थोडं मागे जाते.

टेबलावर लहान लहान सैनिक मांडून लढाया खेळण्याचा छंद जुना आहे. त्यात एक खेळाडू म्हणजे एक अख्खं सैन्य. अमेरिकेत १९६९ साली डेव्हिड वेस्ली यांनी अशाच एका डावात खेळाडूंना सैन्याऐवजी गावातली एकेक व्यक्ती दिली, आणि प्रत्येकाला स्वतःचा हेतू दिला. त्या डावांना ‘ब्राउनस्टीन’ म्हणतात. लढाईपेक्षा माणसांचे आपापसातले डावपेचच रंगले. त्यात खेळणाऱ्या डेव्ह आर्नेसन यांनी ती कल्पना आपल्या ‘ब्लॅकमूर’ या काल्पनिक जगात नेली. गॅरी गायगॅक्स यांच्याकडे ‘चेनमेल’ या १९७१च्या युद्धखेळाचे नियम होते. दोघांनी मिळून १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रकाशित केला.

त्या टेबलावर आकडे होतेच. बळ, बुद्धी, शहाणपण, चपळाई, चिवटपणा, व्यक्तिमत्त्वाचा प्रभाव, असे सहा गुण फासे टाकून ठरायचे. पण टेबलाच्या पलीकडे एक माणूस बसलेला असायचा, डावाचा पंच. खेळाडू म्हणायचा, ‘मी पहारेकऱ्याला सांगतो की त्याच्या आईने मला पाठवलंय.’ नियमपुस्तकात याचं उत्तर नसायचं. पंच विचार करायचा, हे पात्र असं बोलू शकेल का, पहारेकऱ्याला ते पटेल का, आणि मग फासे टाकायला सांगायचा. आकडे होते ते खेळाडूच्या बोलण्याचं पुढे काय झालं ते ठरवण्यासाठी. आधी इच्छा, मग आकडा, मग जगाचं उत्तर.

संगणकावर हे सगळं नेताना काय झालं ते पाहा. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आल्यावर पुढच्याच वर्षी, १९७५ साली, इलिनॉय विद्यापीठाच्या प्लेटो या संगणकजाळ्यावर विद्यार्थी त्याच्या नकला लिहू लागले. त्यातल्या एका जुन्या गेमचं नाव ‘पेडिट५’. हे विचित्र नाव म्हणजे ज्या फाइलमध्ये तो लपवला होता त्या फाइलचंच नाव, कारण तिथे गेम ठेवायला परवानगी नव्हती. व्यवस्थापकांच्या लक्षात आलं की ते तो पुसून टाकायचे. मला या मुलांबद्दल मनापासून आपुलकी वाटते. पंच संगणकात बसवणं त्यांना शक्यच नव्हतं. नकाशा बसला, राक्षस बसले, फासे बसले, एक्सपी बसले. जे मोजता येत होतं ते संगणकात गेलं. टेबलापलीकडचा ऐकणारा माणूस बाहेर राहिला.

आणि नाव मात्र तेच राहिलं. पुढे पन्नास वर्षं आपण त्या सामानालाच आरपीजी म्हणत आलो, कारण पहिल्या फेरीत संगणकात तेवढंच सामान मावलं होतं.

तरीही त्या काळातल्या चांगल्या गेमकर्त्यांना काय मागे राहिलं आहे याची जाण होती. १९८१चा ‘विझर्ड्री’ घ्या. नुसत्या रेघांनी काढलेला भुलभुलैया, सहा जणांची टोळी आणि बहुतेक वेळ मारामारी. पण त्यातही सज्जन आणि दुष्ट पात्रं एका टोळीत घेता येत नसत, आणि वाटेत भेटलेले राक्षस कधी कधी भांडायला तयार नसत. त्यांना जाऊ द्यायचं की तरीही मारायचं, हे तुम्ही ठरवायचं, आणि त्यावरून पात्राची वृत्तीच बदलू शकत असे. मग १९८५ साली रिचर्ड गॅरियट यांचा ‘अल्टिमा ४’ आला. त्यात मारून टाकायचा असा शेवटचा खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी बाणवायचे, हाच प्रवास. सुरुवातीला एक भविष्य सांगणारी बाई तुमच्यापुढे पेच टाकते, प्रत्येक पेचात दोन सद्गुणांतला एक निवडावा लागतो, आणि तुमच्या उत्तरांवरून तुम्ही कोण हे ठरतं. त्या गेममध्ये जादूचं साहित्य विकणारी एक अंध दुकानदार आहे. किती पैसे दिले ते तुम्हीच टाइप करायचं. कमी दिले तरी ती काही म्हणत नाही. तुम्हाला वाटतं, जमलं. पण तुमच्या प्रामाणिकपणाची मोजणी आत कुठेतरी खाली गेलेली असते, आणि ती भरून काढल्याशिवाय गेम पुढे सरकत नाही.

आकडा इथेही आहेच. पण हा आकडा तलवारीचा नाही. मी एकटी असताना, कोणी पाहत नसताना काय केलं, याची ती नोंद आहे.

आता मराठीकडे वळते, कारण या प्रश्नाचं उत्तर मला आपल्या भाषेतल्या दोन शब्दांत सापडलं.

पहिला शब्द ‘पात्र’. कथेतली व्यक्ती म्हणजे पात्र, आणि एखाद्या गोष्टीला लायक असलेला माणूसही पात्र. आरपीजीत पात्राची पात्रता तपासली जाते. माझी नाही. हा भेद फार महत्त्वाचा आहे. नेम धरून गोळी मारायच्या गेममध्ये माझी बोटं आणि डोळे तपासले जातात. नायकाला कुलूप उघडता येतं की नाही हे मला येतं की नाही यावर अवलंबून असतं. आरपीजीत मला कोडं सुटलेलं असलं तरी माझ्या पात्राला ते सुटेलच असं नाही. १९९७च्या ‘फॉलआउट’मध्ये पात्राच्या बुद्धिमत्तेचा आकडा अगदी तळाला ठेवला, तर त्याला धड वाक्यही बोलता येत नाही. समोरची माणसं त्याच्याशी वेगळं वागतात, कित्येक जण कामच सोपवत नाहीत. मी तो गेम आधी एका हुशार, गोड बोलणाऱ्या बाईच्या रूपात खेळले होते. दुसऱ्यांदा मंदबुद्धी माणूस म्हणून उतरले तेव्हा त्याच वाळवंटातली माणसं पहिल्यांदाच भेटताहेत असं वाटलं. मला गावातली सगळी गुपितं ठाऊक होती आणि ती बोलून दाखवायला माझ्याकडे तोंड नव्हतं. परकायाप्रवेश म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं.

२००२च्या ‘मॉरोविंड’वर लोक रागवायचे, कारण तलवार शत्रूच्या अंगातून आरपार गेलेली डोळ्यांना दिसायची आणि तरी घाव चुकायचा. आत फासे पडत होते आणि पात्र तलवारीत कच्चं होतं. चार वर्षांनी आलेल्या ‘ऑब्लिव्हियन’मध्ये दिसेल तो घाव लागू लागला. खेळायला ते सुखाचं झालं हे मी मान्य करते, आणि पडद्यावर दिसणाऱ्या गोष्टीशी नियम जुळायला हवेत हेही मान्य करते. पण त्या सुधारणेत पात्राच्या कच्चेपणाची जागा माझ्या माउसने घेतली. याच दोन गेममधला दुसरा बदल मला जास्त खटकतो. ‘मॉरोविंड’मध्ये मुख्य कथेला लागणाऱ्या माणसालाही मारता येत असे. मारलंत तर गेम सांगायचा की भविष्यवाणीचा धागा तुटला, आता जुनी सेव्ह फाइल उघडा किंवा तुम्हीच बिघडवलेल्या या जगात राहा. ‘ऑब्लिव्हियन’मध्ये महत्त्वाची माणसं मरतच नाहीत. बेशुद्ध पडतात आणि थोड्या वेळाने उठून उभी राहतात. मी तलवार उगारल्याचं त्या जगाच्या गणतीतही नसतं.

दुसरा शब्द ‘भूमिका’, आणि माझं सगळं म्हणणं या शब्दात आहे. नटाची भूमिका असते. आणि ‘या प्रश्नावर तुमची भूमिका काय?’ असंही आपण विचारतो. पहिली भूमिका वठवायची असते, दुसरी घ्यायची असते. ‘रोल’ या इंग्रजी शब्दात पहिलाच अर्थ आहे. म्हणूनच कदाचित नायकाला चिलखत चढवलं, त्याचा चेहरा हवा तसा घडवला, की काम झालं असं समजलं जातं. मराठीत विचार केला की ते पुरत नाही. चेहरा घडवून मी भूमिकेत शिरते. भूमिका घेण्यासाठी समोर असा प्रसंग लागतो जिथे दोन वाटा खरोखर दोन दिशांना जातात, आणि एक धरली की दुसरी सुटते.

‘फॉलआउट’चंच पुढचं सांगते. शेवटी समोर येतो मास्टर. त्याला सगळ्या मानवजातीचं रूपांतर एका नव्या, बलदंड जातीत करायचं आहे, म्हणजे भांडणंच संपतील. त्याला लढून हरवता येतं. पण वाटेत तुम्ही नीट चौकशी केली असेल, पुरावा जमवला असेल आणि तुमच्या पात्राला बोलणं साधत असेल, तर त्याला दाखवून देता येतं की या नव्या जातीला मुलंच होऊ शकत नाहीत. ज्या भविष्यासाठी त्याने हे सगळं केलं ते भविष्य नाहीच. तो खचतो आणि स्वतःच सगळ्याचा शेवट करतो. गोळी न झाडता. इथे पात्रता आणि भूमिका एकत्र आल्या आहेत: हे करायचं असं मी ठरवलं, आणि ते करू शकेल असं पात्र मी तीस तास आधीपासून घडवत आणलं होतं. बंदुकीत गुण ओतणाऱ्या माझ्या मित्राला ही वाट मिळाली नाही. त्याचा मास्टर वेगळ्या तऱ्हेने मेला. आम्ही दोघं बोलायला बसलो तेव्हा दोन वेगळ्या माणसांच्या हकिकती सांगत होतो.

हीच माझी कसोटी आहे. एकच गेम संपवलेल्या दोन जणांना समोरासमोर बसवा. ते कुठली तलवार कुठे मिळाली एवढंच बोलतात, की मी त्याला सोडून दिलं आणि तू का नाही सोडलंस, असं बोलतात?

२००७ साली ‘कॉल ऑफ ड्यूटी ४’ या गोळीबाराच्या गेममध्ये, अनेकांनी मिळून खेळायच्या मल्टिप्लेअर भागात, एक्सपी आल्या, ५५ लेव्हल आल्या, हळूहळू खुली होणारी हत्यारं आणि खास क्षमता आल्या. ते इतकं यशस्वी झालं की आज शर्यतीच्या, फुटबॉलच्या, कुठल्याही गेममध्ये लेव्हल असतात. याला कोणी आरपीजी म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे. मग तेच सामान तलवार आणि ड्रॅगनबरोबर आलं की नाव का बदलतं? ‘द गेम अवॉर्ड्स’ या दरवर्षीच्या पुरस्कारांत आरपीजीसाठी वेगळा पुरस्कार आहे आणि त्याच्या व्याख्येचा भर पात्राच्या भरघोस घडणीवर आणि प्रगतीवर आहे. परीक्षकहो, या व्याख्येत जग उत्तर देतं का, हा प्रश्न कुठे आहे? २०१९ साली हाच पुरस्कार ‘डिस्को एलिसियम’ला मिळाला आणि २०२२ साली ‘एल्डन रिंग’ला. दोन्ही मला अतिशय प्रिय आहेत. पण ‘एल्डन रिंग’मध्ये माझी बोटं शेकडो वेळा हरली, आणि ‘डिस्को एलिसियम’मध्ये माझं पात्र. या दोन अनुभवांना एकाच रांगेत उभं करून तुम्ही दोघांचंही नीट कौतुक करत नाही.

‘डिस्को एलिसियम’बद्दल थोडं अधिक लिहायलाच हवं. त्यात नेहमीच्या अर्थाची मारामारी नाही. चोवीस कौशल्यं आहेत आणि ती तुमच्या डोक्यात तुमच्याशी बोलतात, कधी खोटंही बोलतात. कौशल्य कमी असेल तर काम बिघडतं, पण फार जास्त असेल तर तेही त्रासाचं, कारण मग ते कौशल्य तुमच्यावर हुकूमत गाजवू लागतं. ज्ञानाचं कौशल्य वाढवा, ते नको तेव्हा नको ती माहिती देत बसतं. गेमच्या सुरुवातीलाच छताच्या पंख्यावर तुमचा टाय अडकलेला असतो. प्रकृतीचा आकडा पुरेसा खाली ठेवला असेल, तर तो ओढताना तुमचा नायक हृदय बंद पडून मरू शकतो. वाढलेला आकडा म्हणजे अधिक चांगलं, हे समीकरण त्या गेमने मोडलं. इथे आकडा स्वभाव सांगतो. माझ्या मते एका आकड्याने यापेक्षा मोठं काम आजवर केलेलं नाही.

२०१५च्या ‘अंडरटेल’ने तर हा प्रश्न खेळाडूच्याच तोंडावर फेकला. त्यात समोर येणाऱ्या प्रत्येक राक्षसाला न मारता सोडता येतं. आपण सवयीने मारत सुटतो, एक्सपी आणि लेव्हलचे आकडे वाढताना पाहून खूश होतो. शेवटाजवळ गेम सांगतो की ‘एक्सपी’ म्हणजे तुम्ही केलेल्या हत्यांचे गुण, आणि ‘एलव्ही’ म्हणजे तुमच्यातल्या हिंसेची पातळी. मी कंट्रोलर खाली ठेवला आणि बराच वेळ तशीच बसून राहिले.

जपानी परंपरेच्या चाहत्यांचा आक्षेप मला ठाऊक आहे आणि तो रास्त आहे. युजी होरी यांचा १९८६चा ‘ड्रॅगन क्वेस्ट’ ‘विझर्ड्री’ आणि ‘अल्टिमा’ पाहूनच जन्मला, पण त्याने कथा एका सरळ वाटेने नेली. त्यानंतरच्या शेकडो गेममध्ये नायकाचं नाव, स्वभाव, शेवट सगळं आधीच ठरलेलं. माझ्या कसोटीने हे सगळे बाद का?

या प्रश्नाशी मी बरीच वर्षं झगडले. सरसकट बाद करणं मला पटत नाही. एक तर, पात्रतेची बाजू तिथे अनेकदा भक्कम असते. १९९२च्या ‘फायनल फँटसी ५’मध्ये वीसहून अधिक पेशे आहेत आणि चार जणांना कुठला पेशा शिकवायचा यावर लढाईचं सगळं गणित फिरतं. तिथे भूमिका म्हणजे चमूतली जबाबदारी, हाही त्या शब्दाचा खरा अर्थ आहे. ‘पर्सोना ५’मध्ये पुरेसं धाडस किंवा पुरेसं ज्ञान नसेल तर काही माणसांशी मैत्री पुढेच जात नाही. उत्तर मला माहीत असतं, माझ्या पात्राला ते बोलण्याचा धीर नसतो. आणि ‘ड्रॅगन क्वेस्ट’च्या शेवटी ड्रॅगनलॉर्ड विचारतो, मला येऊन मिळ, अर्धं जग तुझं. हो म्हणता येतं. हो म्हटलं तर तुमचा प्रवास तिथेच संपतो. एकच प्रश्न, पण तो खरा आहे. मी वर सांगितलेल्या चाळीस तासांच्या गेममध्ये तेवढाही नव्हता.

पण ज्या गेममध्ये पेशे निवडण्यालाही वाव नाही, प्रश्नही नाही, फक्त ठरलेली कथा आणि वाढते आकडे आहेत, त्याला मी सुंदर कथा असलेला लढाईचा गेम म्हणेन. आणि ‘जपानी आरपीजी’ ही देशावरून पाडलेली चिठ्ठी तर सोडूनच द्या. ‘फायनल फँटसी १६’चे निर्माते नाओकी योशिदा यांनी २०२३ साली मोकळेपणाने सांगितलं की या शब्दाने जपानी गेमकर्त्यांना आपल्याला वेगळं काढल्यासारखं वाटायचं. गेम कुठे बनला यावरून तो कसा खेळला जातो हे कसं कळणार?

नायक आधीच ठरलेला असण्याला मात्र माझी हरकत नाही. ‘द विचर ३’मधला गेराल्ट म्हणजे गेराल्टच. त्याचा धंदा, त्याचा भूतकाळ, त्याची माणसं मी बदलू शकत नाही. पण तो कुणावर दया करतो, कुणाकडे पाठ फिरवतो, लेकीसारख्या सिरीला कुठल्या क्षणी आधार देतो आणि कुठल्या क्षणी तिला एकटीला पुढे जाऊ देतो, हे मी ठरवते, आणि शेवट त्यावर फिरतो. ‘पेंटिमेंट’मधला चित्रकार आंद्रेआसही तसाच ठरलेला. तो कुठे हिंडला, काय शिकला, एवढंच मी सांगते. खून होतो, वेळ अपुरा असतो, सगळे धागे तपासता येत नाहीत, आणि मला कुणाचं तरी नाव घ्यावं लागतं. खरा खुनी कोण हे गेम शेवटपर्यंत सांगत नाही. मी जिचं नाव घेतलं तिच्या माणसांमध्ये मला पुढे कित्येक वर्षं वावरावं लागतं. इथे कुठेही लेव्हल नाही. माझ्या लेखी हा गेल्या काही वर्षांतला अस्सल आरपीजी आहे.

स्टुडिओंची अडचण मी समजू शकते. प्रत्येक वाट लिहावी लागते, आवाज द्यावे लागतात, तपासावी लागते, आणि बहुतेक खेळाडू त्यातली एकच पाहतात. न पाहिल्या जाणाऱ्या प्रसंगावर खर्च का करायचा, असं हिशेब पाहणारा विचारणारच. पण ज्या प्रसंगाला मी मुकले तोच मी पाहिलेल्या प्रसंगाला वजन देतो. आणि जगाने उत्तर द्यायला दर वेळी नवा अध्याय लागत नाही. ‘बाल्डर्स गेट ३’मध्ये मेलेल्यांशी बोलण्याचा मंत्र आहे. ज्याला तुम्ही स्वतः मारलं आहे त्याच्यावर तो टाकून पाहा: प्रेत आपल्या मारेकऱ्याशी बोलायला नकार देतं. मग वेश बदलून या, तर बोलतं. किती छोटी गोष्ट. पण ती लिहिणाऱ्याने टेबलापलीकडच्या त्या पंचासारखा विचार केला होता: ही बाई असं करेल, मग तो मेलेला माणूस काय म्हणेल?

आता मागणं. दुकानदारांनो, ‘पात्राची प्रगती’ अशी एक वेगळी चिठ्ठी करा आणि ती हव्या तेवढ्या गेमवर लावा. आरपीजीची चिठ्ठी जिथे पात्रामुळे वाटा उघडतात आणि बंद होतात तिथेच राहू द्या. हे अशक्य नाही. २००८ साली रोगलाइक (दर डावाला नवा भुलभुलैया, आणि मेलं की पुन्हा पहिल्यापासून) प्रकारचे गेमकर्ते बर्लिनला जमले आणि कुठल्या गोष्टी त्या प्रकाराच्या गाभ्याच्या व कुठल्या काठाच्या, याची त्यांनी यादी केली. त्या यादीवर आजही वाद होतात. तरी गाभा पातळ झालेल्या गेमसाठी ‘रोगलाइट’ हा वेगळा शब्द रुळला आणि त्यात दोन्हींचा फायदा झाला, काय मिळणार ते लोकांना आधीच कळू लागलं. आपल्यालाही असा एखादा शब्द लागणार आहे. तो तुम्ही सुचवलात तर लवकर रुळेल.

परीक्षकहो, मत देण्याआधी तुमच्यातल्या दोघांनी तो गेम एकमेकांना न सांगता वेगवेगळ्या वृत्तीने खेळावा आणि मग बोलावं. अर्ध्या तासात कळेल.

आणि स्टुडिओंनो, तुमच्याकडे मी एकच गोष्ट मागते. जिथे वाट एकच आहे तिथे मला तीन उत्तरं दाखवू नका. नायिकेलाच बोलू द्या, मी ऐकेन, आणि कथा चांगली असेल तर मनापासून ऐकेन. पण जिथे ‘हे काम माझ्याकडून होणार नाही’ असं लिहून माझ्यापुढे ठेवाल, तिथे मी ते निवडल्यावर तिची मान डोलवू नका. तिला तशीच वळू द्या, प्रमुखाला तिच्या पाठीमागे ओरडू द्या, आणि ती डोंगराकडे परत गेली की बंडखोरांपैकी कोणीतरी तिला विचारू दे, ‘तू परत का आलीस?’

आपली,
एक खेळाडू